पहिल्यांदाच संशोधन जहाजावर जातेय : महिनाभर काय लागेल, काय भोगावं लागेल?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे फक्त पाककृती वाचायला यायचे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी सागरी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, पहिलंच वर्ष. फेब्रुवारीत आमच्या गटाला अरबी समुद्रातल्या एका क्रूझवर, म्हणजे संशोधन सफरीवर, जागा मिळालीय आणि यादीत माझं नाव लागलंय. मुरगावहून निघायचं, वर गुजरातच्या बाहेर खोल पाण्यात जायचं आणि महिन्याभराने परत मुरगाव. माझ्याकडे काम आहे वेगवेगळ्या खोलीवरच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं मोजण्याचं. शास्त्र मला कळतं, निदान आमच्या मॅडमना तसं वाटतं. बाकी सगळा आनंद आहे. मी साताऱ्याची. बोटीचा अनुभव म्हणजे तापोळ्याला शिवसागरात मारलेली चक्कर, तीही लाइफ जॅकेट घट्ट धरून.

तर प्रश्न असे. बोट लागते म्हणतात त्याचं काय करायचं? मी शाकाहारी आहे, हाल होतील का? मुली किती असतात? एक सीनियर म्हणतो पुस्तकं घेऊन जा, वेळच वेळ असतो. दुसरी म्हणते झोपायला मिळालं तरी नशीब समज. खरं कोणाचं? आणि आई विचारतेय, फोन लागेल का.

नेहमीचाच

वाचनखूण साठवली आहे. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

आगबोट

पोरी, अभिनंदन. मी संशोधन जहाजांवरचा नव्हे, मालवाहू जहाजांवरचा. आता निवृत्त. आमचं शिक्षण 'राजेंद्र'वर झालं, म्हणजे शाळाच जहाजावर, मुंबई बंदरात नांगरून ठेवलेली. त्याआधी १९२७ पासून 'डफरिन' होतं. १९७२ला त्याच्या जागी 'राजेंद्र' आलं, १९९३ला तेही गेलं आणि कारभार नेरूळला 'चाणक्य'मध्ये जमिनीवर आला. ते असो, म्हाताऱ्याला विषय मिळाला की असं होतं.

बोट लागण्याचं सांगतो. लाज वाटून घेऊ नकोस, कप्तानालाही लागते. फेब्रुवारीत अरबी समुद्र शांत असतो, पावसाळ्यात जाणाऱ्यांचे हाल तू विचारूच नकोस. पहिले दोन-तीन दिवस वाईट, मग शरीर आपोआप जुळवून घेतं. गोळी घ्यायची तर बोट सुटायच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते. कुठली आणि किती ते आधी डॉक्टरला विचार, कारण त्या गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळू माणसाने विंचजवळ, म्हणजे तार सोडायच्या-ओढायच्या यंत्राजवळ, उभं राहू नये. पोट रिकामं ठेवायचं नाही, ही चूक सगळे करतात. चुरमुरे, खाकरा, कोरडी बिस्किटं, आलेपाक खिशात ठेव. त्रास वाटला की केबिनमध्ये जाऊन पडायचं नाही, उघड्यावर ये आणि क्षितिजाकडे बघ. अगदीच आडवं व्हावंसं वाटलं तर जहाजाच्या मध्यभागी, जितकं खाली जाता येईल तितकं. टोकाला हेलकावा सगळ्यात जास्त.

आणखी एक. चढल्याबरोबर ड्रिल होईल. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला की जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी हजर. नवीन पोरं तिथे सेल्फी काढत बसतात. केबिनपासून त्या जागेपर्यंतची वाट दिवे बंद असतानाही सापडली पाहिजे. पहिल्याच दिवशी दोनदा चालून बघ.

खारवट

गोव्यातून हात वर. हेच काम करत आलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी तुझ्या सीनियर लोकांचं भांडण मिटवतो. दोघंही बरोबर आहेत. एका स्टेशनवरून दुसऱ्याकडे जहाज चालत असतं तेव्हा तुला काम नाही, आणि स्टेशन आलं की दिवस-रात्र असं काही उरत नाही. पुस्तकं ने हवी तर. उशाला होतील.

बाकीच्यांसाठी: स्टेशन म्हणजे नकाशावर आधीच ठरवलेला बिंदू. तिथे जहाज थांबतं आणि सीटीडी नावाचं यंत्र तारेवरून खाली सोडतात. ते खाली जाता जाता क्षारता, तापमान, खोली नोंदवतं. त्याच्याभोवती गोल चौकटीत, म्हणजे रोझेटमध्ये, बारा किंवा चोवीस मोठ्या बाटल्या उभ्या असतात, वर-खाली दोन्हीकडून उघड्या. विंच सेकंदाला साधारण एक मीटर तार सोडते. पाणी तीन हजार मीटर खोल असेल तर नुसतं खाली पोचायलाच पन्नास मिनिटं. वर येताना ठरलेल्या प्रत्येक खोलीवर थांबायचं आणि एकेक बाटली बंद करायची. सगळं मिळून दोन-अडीच तास धरा. तोवर तुम्ही हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट घालून मागच्या डेकवर, चहाचा मग आत ठेवून.

रोझेट डेकवर टेकलं की धावपळ सुरू. पाणी काढायचा क्रम ठरलेला असतो. वायूंचे नमुने सगळ्यात आधी, कारण बाटलीचा नळ उघडला की वरून हवा आत शिरते. म्हणजे ऑक्सिजनवाली तू पहिली. मग कार्बन आणि पीएचवाले, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी, ती कुठे पळून जात नाही. बाटलीत पाणी मोजकंच, मागे रांगेत सगळे टपलेले, आणि सगळ्यांची नजर तुझ्या हातांवर. नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत न्यायची, पाणी भरपूर ओसंडू द्यायचं, नळीत एकही बुडबुडा नको. मग मँगनीजचं द्रावण, मग अल्कधर्मी आयोडाइड, मग बूच, खाली हवा न अडकवता. आणि उलटसुलट हलवायचं. ही विंकलरची पद्धत १८८८ची. आजचे महागडे सेन्सरसुद्धा तिच्याच निकालाशी ताडून बघतात.

वरच्या पाण्याच्या बाटलीत गडद तपकिरी साका बसतो, म्हणजे ऑक्सिजन आहे. दोनशे-तीनशे मीटरवरची बाटली हलव, साका पांढरा. थांबून बघ, पांढराच राहतो. अरबी समुद्राच्या त्या भागात साधारण दीडशेपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात ऑक्सिजन जवळपास नसतोच. वर वाढलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, मरून खाली येतं, ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि उत्तरेला जमीन आडवी आल्याने ताजं पाणी फार सावकाश येतं. ऑक्सिजन संपला की तिथले जिवाणू नायट्रेटवर भागवतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. तू पोषकद्रव्यं मोजणार आहेस ती याचसाठी. हे सगळं आपण पेपरांत वाचलेलं असतं. रात्री तीन वाजता हातातल्या बाटलीत तो पांढरा साका बघणं ही वेगळी गोष्ट आहे, एवढंच म्हणतो.

आता माझं खरं म्हणणं. क्रूझ समुद्रात बिघडत नाही, ती पॅकिंगच्या आठवड्यात बिघडते. तुझ्याकडे अजून वेळ आहे म्हणून सांगतो. जहाजावर तराजू चालत नाही, लाटेबरोबर आकडा नाचतो. म्हणून सगळी रसायनं किनाऱ्यावरच तोलून, पुड्या बांधून, पुडीवर वजन लिहून न्यायची. जे फुटू शकतं ते दुप्पट न्यायचं. एक पिपेट पडली म्हणून जहाज मुरगावला परत फिरत नाही, आणि हुकलेलं स्टेशन पुन्हा मिळत नाही, कारण जहाजाचा एकेक दिवस महाग आणि मागे दुसरा गट ताटकळलेला. प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तू बांधून ठेवायची. दोरी, बंजी, चिकटपट्टी जितकी नेशील तितकी कमीच.

लेबलं किनाऱ्यावरच छापून ने. प्लवकाच्या बाटल्यांत आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. मार्कर अल्कोहोलमध्ये पुसला जातो आणि मग ती बाटली कुठल्या समुद्रातली हे देवालाच माहीत. आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची. आपले रात्रीचे दोन म्हणजे तिकडे आदल्या तारखेचे २०:३०. अर्धझोपेत तारीख हमखास चुकते. लॅबच्या भिंतीवर दोन घड्याळं लावा, एक आपलं, एक यूटीसीचं.

मीठभाकर

खारवटदादा, हे प्रिंट काढून टेबलाशी लावलंय. तराजूचं कुणीच सांगितलं नव्हतं! आगबोटकाका, आलेपाकाची ऑर्डर आईकडे दिली.

तिरकस

रंगाचा भंग करतो, माफी असावी. एवढं वाचून मला कळलं ते असं, की पीएचडीची पोरं म्हणजे बिनपगारी हमाल. रात्री तीनला बाटल्या भरायच्या, दिवसा त्याच धुवायच्या, महिनाभर नीट झोप नाही, आणि पेपरवर पहिलं नाव सरांचं. याला शिक्षण म्हणतात? माझ्या भावाने अशा एका क्रूझवर महिनाभर दुसऱ्याच गटाचं पाणी गाळलं. स्वतःच्या प्रबंधात त्यातला एक आकडा नाही.

आगबोट

तिरकसराव, आम्ही कॅडेट असताना हातोडीने गंज खरवडायचो. दिवसचे दिवस. जहाज चालवायला शिकायला आलोय की लोहारकाम, असं वाटायचं. पण गंज कुठे धरतो ते एकदा हाताला कळलं की पुढे कुठल्याही जहाजावर पाय ठेवल्यावर पाच मिनिटांत अंदाज येतो, आधीच्या लोकांनी काळजी घेतलीय की नाही. ते पुस्तकात नव्हतं. रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, सेकंड मेट या अधिकाऱ्याबरोबर उभं राहून जे शिकलो तेही नव्हतं.

पण तुमच्या भावाचं वाईट वाटलं. तसं व्हायला नको.

बॉस्टनकर

इकडचा एक अनुभव. मॅसॅच्युसेट्समध्ये वुड्स होलला सी एज्युकेशन असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९७१ पासूनची. पदवीची मुलं आधी काही आठवडे किनाऱ्यावर शिकतात, मग शिडाच्या जहाजावर काही आठवडे. प्रवासी म्हणून नाही. शिडं ओढणं, सुकाणूवर उभं राहणं, स्वयंपाकघरात मदत, सगळं वॉचप्रमाणे. आमच्या ओळखीतली मुलगी गेली होती. बरीचशी मुलं समुद्रविज्ञानाची नसतातही, ही तर इतिहासाची.

त्यांचं एक ठरलेलं काम म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक जाळं ओढायचं आणि जे येईल त्यातले प्लास्टिकचे तुकडे चिमट्याने वेचून मोजायचे. कंटाळवाणं म्हणजे किती! १९८६ ते २००८ अशी २२ वर्षं, पश्चिम उत्तर अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये, ६,१०० च्या वर जाळी ओढली गेली, आणि त्यात सात हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे हात लागले. २०१०मध्ये तो सगळा विदा, म्हणजे डेटा, 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला. गंमत म्हणजे प्लास्टिक सगळ्यात जास्त साठतं त्या भागातही २२ वर्षांत ते वाढल्याचं दिसलं नाही, उत्पादन मात्र तेवढ्या काळात भरमसाठ वाढलेलं. मग बाकीचं जातं कुठे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. एखाद्या हुशार माणसाने एका मोसमात जाऊन हे हाती लागलं नसतं.

तिरकस

म्हणजे सात हजार हमाल. मुद्दा पोचला, पण माझा कायम आहे.

खारवट

तिरकस यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. असं होतं, आणि जहाजावर होतं तेव्हा तक्रार करायला दुसरा मजला नसतो. त्यामुळे मीठभाकर, निघायच्या आधी, किनाऱ्यावर, ईमेलमध्ये विचारून घे: कुठला विदा माझ्या प्रबंधात जाणार, दुसऱ्याला मदत केली तर नाव कुठे येणार. क्रूझच्या आधी होणाऱ्या बैठकीत हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. मोठ्या आवाजात विचार, म्हणजे इतर लाजरी पोरंही मान डोलावतील.

फक्त बाटल्या धुणं या सदरात मोडत नाही हो. आपल्या बाटल्या आपणच धुवाव्यात. दुसऱ्याने धुतलेल्या बाटलीतल्या फॉस्फेटवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सुपारी

मी शास्त्रातली नाही, एका शास्त्रवालीची आई आहे. लेक दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती, म्हणून तुझ्या आईसाठी लिहिते.

बंदर सुटल्यावर काही तासांत मोबाइलची रेंज जाते. जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट असतं, पण ते सगळ्यांत वाटलेलं आणि मुंगीच्या पावलांनी चालणारं. व्हिडिओ कॉल विसरा, दोन ओळींचा निरोप पोचतो. आम्ही ठरवलं होतं की तिने जमेल तेव्हा 'जेवले' एवढंच लिहायचं. आणि चार दिवस निरोप आला नाही तर तो इंटरनेटचा दोष धरायचा, मुलीचा किंवा समुद्राचा नाही. हे निघायच्या आधी तोंडाने ठरवून घ्या. न ठरवता राहिलात तर आई तिथे जहाजाच्या कार्यालयात फोन करत बसते. कशी करते ते मला विचारू नका.

मुलींचं म्हणशील तर लेकीच्या वेळी शास्त्रवाल्यांत निम्म्याच्या आसपास मुली होत्या. जहाजाच्या खलाशांत मात्र एकही बाई नव्हती.

आगबोट

मुलींवरून आठवलं. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या. डिसेंबर १९८३मध्ये गोव्याहूनच जहाजाने अंटार्क्टिकाला गेल्या, तिसऱ्या मोहिमेत. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. दक्षिण महासागरातले हेलकावे म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुमचा फेब्रुवारीतला अरबी समुद्र त्यापुढे रंकाळा.

नेहमीचाच

जेवणाचं राहिलं की! मुख्य प्रश्न तोच होता.

खारवट

उपाशी राहत नाही कुणी, उलट वजन वाढवून येतात. शाकाहारी जेवण रोज वेगळं शिजवतात. पालेभाजी पहिल्या आठवड्यात संपते, मग फ्लॉवर, मग कोबी, आणि शेवटी बटाटा, कडधान्यं आणि डाळ. ताक-दही असेतोवर खाऊन घ्यावं. लोणचं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट घरून न्यावं, आणि ते केबिनमध्ये लपवू नये. भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, एक बरणी देऊन टाकावी. त्याच्याशी आणि सारंगाशी, म्हणजे खलाशांच्या मुकादमाशी, मैत्री असली की सगळं सोपं होतं. सारंग रत्नागिरीकडचा निघाला तर मराठी बोलून सुटशील. डेकवर त्याचा शब्द शेवटचा, मुख्य शास्त्रज्ञाचा नाही. तो 'मागे व्हा' म्हणाला की वाक्य पूर्ण करत बसायचं नाही, मागे व्हायचं. ताणलेली तार तुटली तर काय होतं हे त्याने बघितलेलं असतं.

जेवणाच्या वेळा मात्र ठरलेल्या. स्टेशन मध्येच आलं तर कुणालातरी सांगून ताट झाकून ठेवायला लावायचं.

आणि हो, फेब्रुवारीत त्या उत्तरेकडच्या भागात हिरव्या नॉक्टिल्युकाचा, म्हणजे रात्री चमकणाऱ्या एका प्लवकाचा, बहर असतो. दिवसा पाणी मटारच्या सूपासारखं दिसतं. रात्री डेकवरचे दिवे मालवायला लावता आले तर जहाजाच्या कडेने निळा उजेड फुटत जाताना दिसेल. पण वॉच संपल्यावर, आणि कठड्यावर न ओणवता. सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले सापडतात. पहिल्या आठवड्यात सगळे फोटो काढतात, नंतर कुणी बघत नाही.

तिरकस

हे आधी सांगायचं ना. मी उगाच भांडलो. हमाल लागतोय का अजून एखादा?

मीठभाकर

हाहा, तिरकस, बाटल्या धुवायला या. मॅडमना काल ईमेल केला, 'कुठला विदा माझा' असा. उत्तर आलं की बैठकीत बोलू. बघू.

सुपारीकाकू, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. 'जेवले' ठरलंय.

आता शेवटचा प्रश्न. लॅबमधल्या एकीने थर्माकोलचे ग्लास घेऊन ये म्हणून सांगितलंय, आणि रंगवायला मार्कर. चेष्टा करतेय का?

खारवट

अजिबात नाही, सगळ्यात महत्त्वाची सूचना तीच! जाळीच्या पिशवीत ग्लास भरून रोझेटला बांधतात आणि खाली सोडतात. तीन हजार मीटरवर दाब वरच्या हवेच्या सुमारे तीनशे पट. थर्माकोलमधली हवा दाबली जाते आणि वर येतो तो ग्लास अंगुस्तानाएवढा, चित्रासकट. आधी मुख्य शास्त्रज्ञाला विचार. पिशवी बाटल्यांच्या आणि सेन्सरच्या जवळ येता कामा नये, नाहीतर सगळ्यांचं स्टेशन ग्लासापायी जाईल. रंग नको, मार्करच वापर. रेघा लांब-लांब काढ, आकसल्यावर जवळ येतात. आणि प्रत्येक ग्लासात टिश्यू कोंब, नाहीतर ते एकमेकांत घुसून आकसतात आणि मग सुटत नाहीत. नावांची यादी आत्ताच कर. परत आल्यावर नातेवाईक मोजून मागतात.

नेहमीचाच

यादीत आमचंही नाव घाला. 'नेहमीचाच' असं लिहा, च ठळक.